धुराडे आणि वाळलेले सरपण

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ असे आपण म्हणतो. पण ओले जाळण्याची किंमत सुक्यालाच मोजावी लागते, हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला नेमके ठाऊक असते.

जालना जिल्ह्यातील जुन्या माळवदी घरांत थंडीच्या रात्री चुलीचीच ऊब असे. मातीच्या जाड भिंती ती धरून ठेवत. मात्र धूरही आतच कोंडे आणि झरोक्यातून सावकाश बाहेर पडे.

जालना जिल्हा १९८१ साली झाला. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीतील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तक लिहिले. त्याआधी, १९४७ साली, वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ आकाराला आली होती. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला.

हा इतिहास चुलींचा झाला. सरपणाचे काय?

ताज्या तोडलेल्या एक किलो लाकडात जवळजवळ अर्धा किलो पाणी असू शकते. उरलेले अर्धा किलो कोरडे लाकूड सुमारे २,२५० किलोकॅलरी उष्णता देते. त्यातील सुमारे ३१० किलोकॅलरी, म्हणजे सातवा हिस्सा, ते पाणी तापवून त्याची वाफ करण्यात जातो. याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. पाण्यामुळे जाळ थंडावतो. लाकडातून निघणारे वायू पुरते पेट घेत नाहीत आणि धूर होऊन निघून जातात. धूर म्हणजे न जळलेले सरपणच!

धुराडे हा धूर बाहेर नेते, पण तो निर्माण होणे थांबवत नाही. शिवाय धुराड्यातील हवा गरम, म्हणून हलकी असेल तरच वर ओढली जाते. ओल्या लाकडाचा थंडावलेला धूर वर चढताना काजळी आणि डांबर सोडतो. वाट अरुंद होते, ओढ मंदावते आणि धूर पुन्हा घरात, बाईच्या डोळ्यांत आणि छातीत शिरतो.

म्हणून पीक निघाल्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या नि तुरीच्या काड्या उपटून उन्हाळाभर वाळवायच्या आणि मृगाआधी आडोशाला रचायच्या, ही शेतकरी घरांची रीत चुलीच्या रचनेइतकीच महत्त्वाची होती. तिचा कर्ता कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. गॅस आलेल्या अनेक घरांत आजही पाणी तापवायला चूल पेटते. तिथे ही रीत अजून कामाची आहे.

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. छाटणीत निघालेली बाभळीची एक फांदी घ्या. निम्मी अखंड ठेवा, निम्मी चिरून ठेवा. दोन्ही उन्हात ठेवून दर आठवड्याला वजन करा आणि आलेख काढा. कोणती आधी वाळते, आणि वजन घटायचे कधी थांबते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.