सोडलेले गाठोडे

वाचकहो, २१ जून २०२२ हा दिवस आठवून पाहा. महामारीमुळे दोन वर्षे संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या होत्या. त्या वर्षी पायी वारी पुन्हा सुरू झाली आणि माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान झाले ते नेमके याच तारखेला. योगदिनही तोच. सकाळी ठाण्यापासून कल्याणपर्यंत शाळांच्या पटांगणांत चटया अंथरल्या गेल्या आणि दुपारी आळंदीत टाळ वाजले.

डोंबिवलीच्या आमच्या भजनी मंडळातले एक काका सकाळी योगवर्ग करून मगच आळंदीला निघाले होते. गाडीत कोणीतरी त्यांना म्हणाले, "काका, गळ्यात तुळशीची माळ आहे ना? मग नाक धरून बसायला कशाला जाता? हरिपाठ विसरलात का?" सगळे हसले. काकाही हसले. पुढे त्यांचा वर्ग चालू राहिला, पण त्याविषयी बोलणे मात्र बंद झाले. सत्तरीच्या माणसाने काही चोरून करावे तसे ते आसने करू लागले. मला ते लागले. कारण टोचणाऱ्याचा शब्द खोटा नव्हता. हरिपाठात ज्ञानोबारायांनी योग आणि याग दोन्ही बाजूला सारून नाम पुढे केले आहे, हे आपण रोज म्हणतो. मग काकांचे चुकले का?

याचे उत्तर ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडता येणार नाही. इतिहासात डोकावावे लागते, आणि तो इतिहास आपल्याच पोथीत आहे.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सहाव्या अध्यायात गीतेच्या चार-पाच श्लोकांवर बोलता बोलता माउली एकाएकी थांबतात आणि आसन कसे घालावे, टाच कुठे दाबावी, मूळबंध कसा, हनुवटी छातीला लावून जालंधर कसा, पोट पाठीकडे ओढून वोढियाणा कसा, हे सांगू लागतात. मग कुंडलिनीच्या जागृतीचे ते विलक्षण वर्णन येते. मूळ गीतेत यातले काही नाही. हे आले नाथपंथातून. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानदेव ही परंपरा आपल्याला पाठ असते, पण ती योग्यांची परंपरा आहे हे आपण म्हणता म्हणता विसरतो. हठयोगाचे नाव निघाले की आज स्वात्मारामाची 'हठप्रदीपिका' पुढे येते. तो ग्रंथ पंधराव्या शतकातला मानतात. त्याच्याही आधी मराठी माणसाला हे तिन्ही बंध आपल्या भाषेत ऐकायला मिळाले होते.

आणि ते सांगून झाल्यावर माउली काय म्हणतात ते पाहा. ही नाथांची खूण होती, झाकून ठेवलेली. मी ते गाठोडे सोडले, आतली घडी झटकली आणि घेणारे श्रोते समोर आहेत हे ओळखून माल उलगडून दाखवला, असा त्या ओव्यांचा भाव आहे. व्यापाऱ्याची भाषा आहे ही! गुरूने शिष्याच्या कानात सांगायची गोष्ट त्यांनी बाजारपेठेत कापड पसरावे तशी पसरली. पुढे अर्जुन विचारतो, हे कोणालाही जमते की त्याला लायकी लागते? तेव्हा उत्तर येते की लायकीची काय कुठे खाण असते? केल्याने जे साधते तीच लायकी. हा संवाद मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा वाटते, पंढरीच्या वाटेवर पुढे जे घडले त्याची बीजे इथे आहेत.

मग हरिपाठाचे काय? त्याचेही उत्तर त्याच पोथीत, बाराव्या अध्यायात आहे. निर्गुणाच्या मागे लागलेल्या योग्यांचे कष्ट तिथे माउली इतक्या तपशिलाने सांगतात की ऐकणाऱ्याला धाप लागावी. आणि भक्तांना हे कष्ट पडत नाहीत, असे पुढे म्हणतात. योग ठाऊक नसलेला माणूस असे बोलला असता तर ती पळवाट ठरली असती. इथे बोलणारा तो डोंगर चढून आलेला आहे. त्याने खाली येऊन लेकुरवाळ्यांसाठी सपाट वाट दाखवली, पण डोंगर खोटा आहे असे कुठेही म्हटले नाही.

खोटे ठरवले ते वेगळेच. चांगदेवांची कथा तुम्हाला सांगायला नको. परंपरा म्हणते, चौदाशे वर्षे योगबळाने काळाला परतवलेला हा पुरुष. आळंदीच्या मुलाला पत्र लिहायला बसला आणि मायना काय लिहावा इथेच अडला. तीर्थस्वरूप म्हणावे तर वयाने पोर, चिरंजीव म्हणावे तर अधिकार थोर! शेवटी कोराच कागद पाठवला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताई म्हणाली. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. पुढे या योग्याने त्या मुलीलाच गुरू केले. आपल्या संतांनी हरवला तो सिद्धीचा ताठा. चांगदेवांनी प्राणायाम करू नये, असे कोणी त्यांना सांगितल्याचे मला आढळले नाही.

तरीही पुढची कित्येक शतके ते गाठोडे पुन्हा मठांत नि गुहांत बांधलेलेच राहिले, हे कबूल केले पाहिजे. ते दुसऱ्यांदा सुटले विसाव्या शतकात. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी होते. त्यांच्या एका शिष्याने, श्री योगेंद्र यांनी, १९१८ साली वर्सोव्याला संस्था काढून संसारी माणसांना योग शिकवायला घेतला. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. संस्कृतचे पंडित. सखाराम महाराजांच्या अमळनेरात त्यांनी शिक्षक म्हणून काम केले होते. १९२४ च्या दसऱ्याला त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' सुरू केले. त्यात त्यांनी तपासले काय? उड्डियान आणि नौली! माउलींचा तोच वोढियाणा. क्ष-किरण आणि दाबमापक लावून त्यांनी दाखवले की नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. नेवाशाच्या खांबापाशी जे बोलले गेले त्याचा एक धागा लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत असा निघाला.

तिथून ठाणे लांब नाही. ठाण्याला पहिली आगगाडी आली १८५३ च्या एप्रिलात, कल्याणला पुढच्या वर्षी. या गावांचे नशीब तेव्हापासून रुळांना बांधलेले आहे. पहाटे डबा घेऊन निघायचे, दारात लोंबकळायचे, रात्री परतायचे. अशा माणसाला शांती हवी असते, पण तिच्यासाठी पैसे आणि वेळ दोन्ही नसतात. या गावांत योग रुजला तो ही अडचण ओळखणाऱ्यांमुळे. हठयोगी निकम गुरुजींनी ठाण्यात श्री अंबिका योग कुटीर उभे केले. शिकवणारे स्वयंसेवक, शिकणाऱ्याकडून शुल्क नाही, आठवड्यातून एकदा वर्ग. नौपाड्यात घंटाळी मित्र मंडळाने योगाचार्य श्रीकृष्ण व्यवहारे यांच्या मार्गदर्शनाखाली असेच काम चालवले. लोक त्यांना अण्णा म्हणत. मोबदला न घेता, जात न विचारता, सतरंजीवर शेजारी बसवून शिकवणे ही रीत मला फडावरच्या कीर्तनाची सख्खी बहीण वाटते. निदान उलगडलेल्या गाठोड्याची तरी ती आहेच.

एक सावधगिरी सांगतो. पोथी वाचून बंध करू नयेत. रक्तदाब, हर्निया, गरोदरपण असेल तर उड्डियान नकोच. बाकीच्यांनीही ते जाणत्यासमोर आणि रिकाम्या पोटीच करावे.

आणि आता टोचणाऱ्यांच्या बाजूनेही एक बोलतो. नाम घेणाऱ्याचा श्वास काही मोकाट नसतो. इटलीतल्या पाविया येथील बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी तेवीस निरोगी माणसांना जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले. त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास संथ झाला आणि हृदयाच्या ठोक्यांशी त्याचा मेळ बसला. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आले. कल्याणहून सुटणाऱ्या लोकलमध्ये टाळ घेऊन उभ्या-उभ्या अभंग म्हणणारी मंडळी पाहिली की मला हा प्रयोग आठवतो. गर्दीत खांद्याला खांदा घासतो आहे आणि चरण मात्र एका दमात पुरा होतो. नामाचे मोल फुफ्फुसात मोजता येते असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर पुन्हा चांगदेवांच्याच वाटेला लागलो. पण काका पहाटे वर्गात जे गिरवतात आणि सातच्या गाडीत जे गातात त्यांत भांडण मला तरी दिसत नाही. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था उभी केली, ते तरुणपणी तालमीत घुमलेले होते. कमावलेले शरीर त्यांच्या निरूपणाच्या आड आले नाही.

गेल्या कार्तिकात मंडळात सहावा अध्याय वाचायला घेतला. वोढियाण्याच्या ओवीवर सगळे अडखळले. पोट पाठीला लागते म्हणजे नेमके काय, कोणाला सांगता येईना. तेव्हा गाडीत हसणारे ते गृहस्थच वळून म्हणाले, "काका, तुम्ही शिकता ना? मग जरा करून दाखवा की!"

काका क्षणभर बघत राहिले. मग टाळ खाली ठेवून उठले, गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकले आणि त्यांनी सगळा श्वास बाहेर सोडला. एकादशीच होती. पोट रिकामेच होते.