नवाच्या पाढ्यातले केंद्र

अमेरिकेत एक छंद आहे. घरात बसून, खास त्या कामासाठी बनविलेल्या यंत्रावर, आपल्या गावच्या अग्निशामक दलाचे, रस्तेदुरुस्ती खात्याचे, पाणीपुरवठ्याचे आणि कचरागाड्यांचे बिनतारी संभाषण ऐकायचे, आणि नगरपालिकेने एखाद्या दिवशी मुकाट्याने आपल्या लहरी बदलल्या की नव्या जागी तिला पुन्हा हुडकून काढायचे. तेथील दळणवळण आयोगाने खालच्या पट्ट्यांतील अशा सर्व वापरकर्त्यांना १ जानेवारी २०१३ पर्यंत निम्म्या रुंदीच्या वाहिन्यांवर जाण्याचा हुकूम काढला, तेव्हा या छांदिष्टांच्या वह्यांची पानेच्या पाने बाद झाली आणि त्यांनी ती नव्या उत्साहाने पुन्हा लिहून काढली. हुबळी-धारवाडात हा छंद जसाच्या तसा रुजणे शक्यच नव्हते. १८८५ च्या तार-कायद्यापासून सरकारी संदेशांवर कान ठेवणे येथे गुन्ह्यात जमा आहे, आणि १९३३ च्या बिनतारी कायद्याने तर परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते बाळगणेही निषिद्ध ठरविले. पोलीस, रेल्वे किंवा महानगरपालिका यांचे आपापसांतले बोलणे आपले नव्हे, ही मर्यादा येथील माणसाने निमूटपणे मानली. मात्र सरकारचा जो एक आवाज सर्वांनी ऐकावा म्हणूनच आकाशात सोडला जात होता, त्याच्या बदलत्या जागांचा माग काढण्यास कोणाची हरकत नव्हती. आणि या जुळ्या शहरांतील लहरी हुडकण्याच्या छंदाचा इतिहास पाहावयाचा तर तो धारवाडच्या नभोवाणी केंद्राभोवतीच पाहावा लागतो.

‘नभोवाणी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. मराठीने रेडिओला हे नाव स्वतः दिले होते आणि ‘नभोनाट्य’ या शब्दात ते आजही टिकून आहे. ‘आकाशवाणी’ हे नाव म्हैसूरचे. तेथील महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून जे केंद्र चालविले, त्याला ते चिकटले आणि पुढे साऱ्या देशाने उचलले. नावाच्या या स्पर्धेत आपला शब्द हरला याचे मला किंचित वाईट वाटते. पण कर्नाटकाने दिलेला शब्द कर्नाटकातल्या केंद्राला अधिक शोभतो, हेही कबूल केले पाहिजे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला अवघी सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे होते, आणि त्यांच्या कारकीर्दीत जी नवी केंद्रे भराभर उभी राहिली त्यांत धारवाडचे केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या अठरा दिवस आधी, सुरू झाले. त्या वेळी धारवाड मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ च्या १ नोव्हेंबरला त्या राज्याचेच नाव कर्नाटक झाले. म्हणजे केंद्राने आपली जागा तसूभरही न सोडता तेवीस वर्षांत तीन राज्यनामांखाली ध्वनिक्षेपण केले. मल्लिकार्जुन मन्सूर या केंद्राचे संगीत-सल्लागार होते. आणि ज्यांची घरची भाषा मराठी, पण कविता कन्नड, असे द. रा. बेंद्रे येथेच सल्लागार म्हणून बसत. मराठी आणि कन्नड यांची सरहद्द कोठून जाते यावर कचेऱ्यांतून अर्जफाटे चालले असता या इमारतीत तो प्रश्न कोणाला फारसा सुचला नसावा.

आता श्रोत्याकडे वळू. रेडिओ घरी आणणे म्हणजे टपाल कचेरीतून परवान्याचे पुस्तक आणणे, आणि दरसाल रक्कम भरून ते नवे करून घेणे. १९२७ साली मुंबईचे केंद्र सुरू झाले तेव्हा हा आकार वर्षाला १० रुपये होता, पुढे १५ झाला. ऐकण्याबद्दल सरकारला कर देण्याची ही रीत १९८० च्या दशकात संपली. ज्याने एवढा भरणा केला आहे तो आपल्या पैशाचा मोबदला वसूल करणारच! सेटच्या काचेवर मीटर आणि किलोसायकल अशा दोन पट्ट्या असत (सायकलचे हर्ट्झ झाले तरी जुन्या काचा बदलल्या नाहीत), आणि बहुतेक घरांत ‘आपले’ स्टेशन कोठे लागते ते काचेवर चिकटविलेल्या कागदाच्या कपट्याने किंवा पेन्सिलीच्या खुणेने दाखविलेले असे. घरातल्या मुलांना त्या खुणेपलीकडे काटा नेण्याची मनाई असे, आणि छंदाचा आरंभ बहुधा ती मनाई मोडण्यापासून होई.

खरा छांदिष्ट खुणेवर समाधान मानीत नसे. तो काटा जेथून जेथून जाईल त्या पट्टीवर जाड कागदाची पट्टी लावी, ओळखीची केंद्रे तीवर टिपी आणि अनोळखी केंद्राचे स्थान दोन ओळखीच्या केंद्रांमधील अंतर मोजून ठरवी: इकडे बंगळूर ६१२, तिकडे पुणे ७९२, आणि त्यांच्यामध्ये, पुण्याला पुष्कळच लगटून, धारवाड ७६५. ओळख पटविण्यात खरी अडचण वेगळीच होती. दिल्लीहून येणाऱ्या संस्कृत, हिंदी आणि इंग्रजी बातम्या सर्व केंद्रे एकाच क्षणी सहक्षेपित करीत, त्यामुळे ऐकू येणारा आवाज कोणत्या केंद्राचा हे बातम्यांतून कधीच कळत नसे. त्यासाठी स्थानिक निवेदकाने केंद्राचे नाव आणि लहरींची लांबी सांगेपर्यंत, निदान बाजारभाव किंवा हवामानाचा अंदाज सुरू होईपर्यंत, धीर धरावा लागे. दोन केंद्रे एकमेकांत मिसळली तर ट्रान्झिस्टर सावकाश फिरवावा लागे, कारण आतल्या फेराइटच्या कांडीचे टोक ज्या दिशेला होते त्या दिशेचे केंद्र क्षीण होते. कोणत्या कोनात आवाज बुडाला हे पाहून ते कोणत्या बाजूचे, याचा अदमास घेता येई. दिवसा मध्यम लहरी जमिनीच्या अंगाने चालतात. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्या शेकडो मैल दूर उतरतात. म्हणून दिवेलागणीनंतर तोच पट्टा परक्या आवाजांनी गजबजे, आणि वहीतल्या नोंदींना तारखेइतकीच वेळेचीही गरज पडे.

या गजबजाटातला सर्वांत त्रासदायक आवाज म्हणजे शिटी. दोन केंद्रे एकमेकांपासून एकदोन किलोहर्ट्झ अंतरावर बसली, म्हणजे त्या अंतराएवढ्याच कंपनांची एक अखंड किणकिणती शिटी दोन्ही कार्यक्रमांवर पसरते. आणि देशोदेशीच्या सरकारांनी आपापल्या सोयीने जागा पटकावल्यामुळे हा उपद्रव वाढतच गेला होता. त्यावर उपाय म्हणून १९७५ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि युरोप, आफ्रिका, आशिया व ओशिआनिया यांतील सर्व मध्यमलहरी केंद्रांनी नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर, नेमक्या नवाच्या पटीतील आकड्यांवरच बसावे असा ठराव झाला. अंमलाची वेळही ठरली: २३ नोव्हेंबर १९७८, ग्रिनिचचे ०० वाजून ०१ मिनिट, आपल्याकडे गुरुवारची पहाट, साडेपाच वाजून एक मिनिट. मुंबई १०४४ आणि ५५८, सांगली १२५१, पणजी १२८७, वर आलेली बंगळूर आणि पुण्याची केंद्रे, यांतला कोणताही आकडा नवाने भागून पाहावा. धारवाडचा ७६५ म्हणजे नऊ पंच्याऐंशी.

अर्ध्याहून अधिक जगाचा हा फेरबदल सामान्य श्रोत्याच्या गावीही नव्हता, आणि मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत रसाची वाटते. काही किलोहर्ट्झचा फरक घरगुती सेटच्या काचेवर एका केसाच्या रुंदीइतकाही भरत नाही. गृहिणीने काटा किंचित हलविला आणि सकाळच्या चहाबरोबर बातम्या नेहमीसारख्या लागल्या. कळले ते दोघांना. एक, दफ्तरातील जुने आकडे खोडून नवे लिहिणारा कारकून. आणि दुसरा तो छांदिष्ट, ज्याच्या कागदी पट्टीवरील सर्व खुणा एकाच पहाटे थोड्याथोड्या चुकीच्या ठरल्या. एखादे केंद्र हलले असते तर बाकीच्यांच्या आधाराने ते सापडले असते. येथे मोजपट्टीच हलली होती. तेव्हा जवळचे, दिवसाउजेडी खणखणीत ऐकू येणारे धारवाड आधी पक्के करावयाचे आणि तेथून नऊ-नऊच्या पायऱ्यांनी दोन्हीकडे चालत जावयाचे, हा एकच मार्ग उरला होता. आणि रात्री काटा फिरविताना पूर्वीच्या शिट्या पुष्कळच कमी झाल्या आहेत हे त्याच्या कानाला वर्तमानपत्राच्या आधी कळले असणार.

या फेरबदलाच्या आधीची एक लहर या छंदाच्या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांचे सोबती यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला तो ४२.३४ मीटरवर, पोलीस त्यांच्या मागावर, ते जागा बदलीत पुढे, आणि १२ नोव्हेंबरला अखेर छापा पडला. लहर ओळखणे ही त्या वेळी करमणूक नव्हती.

धारवाडचा २०० किलोवॉटचा प्रक्षेपक पुढे ‘डीआरएम’ या अंकीय पद्धतीच्या यादीत आला. जुन्या रेडिओला ही पद्धत म्हणजे केंद्राच्या शेजारची नुसती खसखस. तिच्यात शब्द नाही, सूर नाही, ओळख पटविण्याजोगे काहीच नाही, आणि ती ऐकण्यासाठी लागणारा संच फार थोड्या घरांत आहे. मध्यम लहरींकडे पाठ फिरविलेल्या श्रोत्याला तर ७६५ या आकड्याचेही आता काही वाटत नाही.

ज्या वाचकाच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची स्टेशनांच्या नोंदींची वही माळ्यावर पडून असेल, त्याने ती रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उघडावी आणि २३ नोव्हेंबर १९७८ च्या पानावर काय लिहिले आहे ते पाहावे.