इंटरनेटवरील विद्वानाची पारख कशी करतात?

इंटरनेटवर ज्ञानकोश किंवा शोधनिबंधांचे भांडार चालविणाऱ्यांपुढे एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. लेखन पाठविणारी व्यक्ती कोण आणि त्या विषयावर लिहिण्याचा तिचा अधिकार कोणता, हे प्रत्यक्ष न भेटता कसे ठरवावे?

हा प्रश्न २००७ साली ऐरणीवर आला. विकिपीडियावर ‘एसजे’ या टोपणनावाने वावरणारे एक संपादक आपण धर्मशास्त्राचे प्राध्यापक असल्याचे सांगत. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने जुलै २००६ मध्ये त्यांची ओळख तशीच करून दिली होती. प्रत्यक्षात ते पदवी नसलेले २४ वर्षांचे तरुण निघाले. मजकुरावरील वादांतही त्यांनी या कल्पित अधिकाराचा दाखला दिला होता, ही बाब अधिक गंभीर ठरली. मार्च २००७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर जिमी वेल्स यांनी पदव्यांच्या ऐच्छिक पडताळणीची सूचना मांडली. परंतु संपादकांनी ती स्वीकारली नाही. पदवीपेक्षा विधानाचा आधार तपासावा, असे अनेकांचे मत पडले.

विकिपीडियाचे सहसंस्थापक लॅरी सँगर यांनी याउलट मार्ग अवलंबिला. मार्च २००७ मध्ये खुल्या झालेल्या त्यांच्या ‘सिटिझेंडियम’ या ज्ञानकोशात खरे नाव सक्तीचे होते आणि तज्ज्ञ संपादकांना पात्रता सिद्ध करावी लागे. तोतयेगिरीला आळा बसला, तरी हा प्रकल्प विकिपीडियाच्या तुलनेत फारच लहान राहिला.

पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली सुरू केलेल्या ‘आर्काइव्ह’ या शोधनिबंध-भांडाराने २००४ पासून शिफारशीची पद्धत आणली. नव्या लेखकाची शिफारस त्या विषयात आधी निबंध सादर केलेल्या लेखकाने करावयाची असते. निबंध अचूक असल्याची हमी शिफारस करणाऱ्याला द्यावी लागत नाही. निबंध त्या विषयात बसतो एवढेच पाहावयाचे. मात्र ज्याची कोणाशीच ओळख नाही, त्याची येथे अडचण होते.

ही अडचण किरकोळ नव्हे. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातील पदही नव्हते. तरीही त्यांनी शोधलेला ६१७४ हा अंक आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखला जातो. केवळ पदवी व संस्था पाहणारी चाळणी अशा अभ्यासकाला दाराबाहेरच ठेवील.

म्हणून न्याय्य पडताळणीत तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: व्यक्ती तीच आहे काय, तिची पात्रता खरी आहे काय, आणि मजकूर बरोबर आहे काय? पहिल्या प्रश्नाला २०१२ पासून ‘ऑर्किड’ या १६ अंकी विनामूल्य क्रमांकाचे साहाय्य होते. नामसाधर्म्यामुळे होणारा घोटाळा त्याने टळतो. परंतु केवळ क्रमांक असणे हा विद्वत्तेचा पुरावा नव्हे. दुसरा प्रश्न पदवीचा दाखला पुढे करणाऱ्यालाच विचारावा, त्यासाठी मागितलेली कागदपत्रे गोपनीय ठेवावीत आणि नकार दिल्यास कारण सांगून फेरविचाराची संधी द्यावी. तिसरा प्रश्न मात्र प्राध्यापक असो वा शाळाशिक्षक, प्रत्येकाच्या लेखनाला सारखाच लागू करावा.