व्हिएन्नातील ‘अमर बरोबरी’

डाव बरोबरीत सुटला की, दोघांनीही जोखीम टाळली असावी, असा सर्वसाधारण समज असतो. कार्ल हाम्पे आणि फिलिप माइटनर यांच्यात १८७२ मध्ये व्हिएन्ना येथे झालेला अवघ्या १८ चालींचा डाव मात्र या समजाला छेद देतो. बुद्धिबळविश्वात तो ‘अमर बरोबरी’ म्हणून ओळखला जातो.

बुद्धिबळ हा दोघांच्याही चरितार्थाचा व्यवसाय नव्हता. हाम्पे वरिष्ठ सरकारी अधिकारी, तर माइटनर वकील होते. (अणुविखंडनाचा उलगडा करणाऱ्या पदार्थवैज्ञानिक लिझे माइटनर या त्यांच्याच कन्या, त्यांचा जन्म १८७८ चा.)

पांढरी मोहरी हाम्पे यांच्याकडे होती. तिसऱ्याच चालीत त्यांनी घोडा पटाच्या कडेला, ए-४ घरात नेऊन काळ्या उंटावर रोखला. ही चाल धाडसाची खरी, पण शहाणपणाची म्हणवत नाही. माइटनर यांनी उंट मागे न घेता एफ-२ वरील प्यादे मारून शह दिला. राजाने उंट मारला आणि त्याची पायपीट सुरू झाली. आठव्या चालीअखेर तो बी-३ घरात पोहोचला. काळ्याने बी-४ वर मात करण्याचा डाव रचला. ए-३ प्याद्याने ती टळली. त्यावर माइटनर यांनी ए-४ वरील घोडा मारून चक्क वजीरच देऊ केला. पाठोपाठ एक घोडाही गेला. बाराव्या चालीत पांढरा राजा सी-५ वर एकटा उभा होता आणि त्याचा वजीर, दोन्ही हत्ती, दोन्ही उंट व उरलेला घोडा मूळ घरांतून हललेही नव्हते!

येथे हाम्पे यांनी दाखविलेला संयम अधिक मोलाचा. त्यांनी चौदाव्या चालीत सी-६ वर उंट ठेवून मातेचा फास सैल केला. उंटाच्या मोबदल्यात काळ्याचा दुसरा घोडाही पडला.

अखेरीस काळ्याकडे दोन हत्ती, एक उंट व प्यादीच उरली. तो उंट बी-७ वरून शह देई, मग ए-६ वरून, पुन्हा बी-७ वरून. राजाने बी-७ वर उंट मारला असता, तर काळा राजा डी-७ वर सरकून हत्तीच्या मातेची वाट मोकळी करणार होता. वजिराच्या शहानेही ती टळत नव्हती. ए-४ कडे पळावे, तर उंट सी-४ वर येऊन प्याद्याने मात. त्यामुळे राजाला बी-५ आणि सी-६ या दोन घरांतच येरझारा घालाव्या लागल्या आणि डाव बरोबरीत सुटला.