विंचू, हृदय आणि एक साधी गोळी

परवा ऑफिसातल्या एका मित्राच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. तिसऱ्या दिवशी काका घरी आले आणि चहा पिता पिता स्टेंटची किंमत सांगू लागले! हार्ट स्पेशालिस्ट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हेच येतं. कॅथलॅब, मॉनिटरवर दिसणारी रक्तवाहिनी, फुगवलेला फुगा. या सगळ्याची सुरुवात झाली १६ सप्टेंबर १९७७ ला, झुरिकमध्ये. आंद्रेआस ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरने जाग्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा घालून पहिल्यांदा ती उघडली. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते.

त्याच सुमारास आपल्या महाडजवळ हृदयावरचं दुसरं एक काम सुरू झालेलं होतं. ते मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. मलाही बरीच वर्षं नव्हतं. महाबळेश्वरला जाताना महाड-पोलादपूर म्हणजे मिसळ खायचा स्टॉप आणि पुढे आंबेनळी घाट, एवढीच माझी ओळख.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा, हिंमतराव बावस्कर. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांच्यासमोर जे पेशंट येऊ लागले त्यांचा इलाज पुस्तकात धड दिलेला नव्हता. विंचू चावलेले पेशंट!

आता आपण शहरी लोक म्हणणार, विंचू काय, कांदा लावा, चोवीस तास ठणकेल आणि जाईल. काळा मोठा विंचू असेल तर बहुतेक वेळा होतंही तसंच. एकनाथांनी विंचवावर भारूड रचलं तेही वेदनेच्या अंगानेच आपल्या लक्षात राहिलंय. पण कोकणात एक लहानसा लाल विंचू असतो, शास्त्रीय नाव मेसोबुथस टॅम्युलस (आता त्याला हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणतात). जांभ्या दगडांच्या फटीत, लाकडांच्या ढिगात, चपलेत, कुठेही. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपता संपता जास्त. हा चावला की खरा प्रश्न ठणक्याचा नसतोच, हृदयाचा असतो. धडधाकट पोरगं संध्याकाळी चावून घ्यायचं आणि सकाळपर्यंत तोंडाला गुलाबी फेस येऊन जायचं. विंचवाच्या दंशाने फुफ्फुसात पाणी होतं हे मुंडले नावाच्या डॉक्टरांनी १९६१ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलेलं होतं. म्हणजे बग रिपोर्ट फाइल झालेला होता, फिक्स नव्हता. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतात या विंचवाच्या गंभीर पेशंटांपैकी २५ ते ३० टक्के दगावत होते.

बावस्करांनी काय केलं? आपल्या भाषेत सांगायचं तर लॉग वाचले. पण लॉग आधी लिहावे लागतात ना! खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, हातापायांचं तापमान, सगळं टिपत राहिले. त्यातून एक क्रम दिसला. आधी उलटी, दरदरून घाम, लाळ, पुरुषांत आणि अगदी लहान मुलग्यांतही लिंगाला ताठरता. मग हातपाय बर्फासारखे गार. आणि मग हृदय. म्हणजे पुढे काय होणार आहे याची सूचना शरीर आधीच देत होतं, कोणतंही मशीन न लावता कळेल अशी. हे निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये एमडी करूनही हा माणूस परत महाडलाच आला हे इथे सांगायला हवं.

आता हे गार हातपाय का? विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं, त्या वेळेवर बंदच होत नाहीत. मग अॅड्रिनॅलिनच्या जातीची रसायनं रक्तात अक्षरशः ओतली जातात. सगळ्या शरीराच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. सोसायटीतला पाण्याचा पंप डोळ्यांसमोर आणा. पंप फुल स्पीडने चालू, आणि वरच्या सगळ्या मजल्यांचे व्हॉल्व कुणीतरी बंद केलेत. पंप तरी किती वेळ ढकलणार? तो दमतो आणि पाणी मागे तुंबतं. हृदयाच्या मागे फुफ्फुस आहे.

आजवरचे इलाज मात्र भलत्याच ठिकाणी चालले होते. अॅट्रोपिन दिलं तर आधीच धावणारं हृदय आणखी धावायचं. डिजॉक्सिन देणं म्हणजे बंद व्हॉल्वच्या समोर पंपाला चाबूक मारणं. गुंगीची इंजेक्शनं दिली की पेशंट शांत दिसायचा, एवढंच. बावस्करांचं म्हणणं साधं होतं: व्हॉल्व उघडा. त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड नावाचं औषध होतं आणि फुफ्फुसात पाणी झालेल्या पेशंटांवर त्याचा उपयोगही होत होता. पण ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यायचं, उजेड लागू नये म्हणून बाटली झाकायची, आणि सारखा रक्तदाब बघत बसायचं. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून पाळण्यात घालून आणलेल्या पेशंटसाठी हे कुठे कुठे करणार?

मग आली प्रॅझोसिन. रक्तदाबाची साधी गोळी, मुळात विंचवाशी काही संबंध नसलेली. अॅड्रिनॅलिनच्या जातीची रसायनं रक्तवाहिनीवरच्या ज्या कुलपात बसून ती आवळतात, त्याच कुलपात ही गोळी आधी जाऊन बसते. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांचा प्रॅझोसिनवरचा लेख लॅन्सेटमध्ये १९८६ साली आला. वजनाच्या हिशेबात डोस, दर तीन तासांनी पुन्हा. थांबायचं कधी? हातपाय गरम झाले की! मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. मॉनिटर नाही, रिपोर्ट नाही, पेशंटच्या तळपायाला हात लावून बघायचं. आणि एक बारीक सूचना: गोळी दिल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून पेशंटला आडवंच ठेवायचं, पोर रडलं तरी आईने उचलून घ्यायचं नाही. (हे लिहिणाऱ्याने कितीदा तरी आयांना अडवलं असणार, त्याशिवाय ही ओळ सुचत नाही.)

गोळी आल्यावर मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत उतरलं. इस्रायलमध्ये बीरशेबाला मोशे ग्युरॉन हेही तिथल्या विंचवाच्या पेशंटांत असाच रक्तवाहिन्या उघडण्याचा विचार मांडत होते. तिकडे मोठं हॉस्पिटल, इकडे महाड.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट पुढेच आहे. प्रतिविष, म्हणजे दवाखान्यात ज्याला 'सीरम' म्हणतात, त्याचा वाद चालूच होता. विष रक्तात आहे तर ते निष्प्रभ करणारं औषध द्यावं हे तर्काला पटतं. पण १९९१ मध्ये बावस्कर दांपत्याने आपल्या एका निबंधाच्या मथळ्यातच प्रश्न विचारला होता, की सीरमची खरंच गरज आहे का? त्यांचा कल उघड होता. गोळी त्यांची, नाव त्यांचं, आकडे त्यांचे.

पुढे लाल विंचवाचं प्रतिविष मिळू लागलं. तेव्हा हे दोघे गप्प बसले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी चाचणी घेतली. ७० पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले, ३५ जणांना नुसती प्रॅझोसिन, ३५ जणांना प्रॅझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ १७.७ तासांच्या जागी ८ तास. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं, मुंडलेंच्या लेखाला ५० वर्षं झाली तेव्हा. कोणाला काय दिलं ते डॉक्टरांना माहीत असलेली ही चाचणी होती, शिवाय फुफ्फुसात पाणी होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे गोळी काही बाद झाली नाही. पण नुसत्या गोळीपेक्षा दोन्ही मिळून लवकर बरं करतात हे ज्याने गोळी आणली त्यानेच सांगितलं. मी स्वतः लिहिलेल्या मॉड्यूलबद्दल कोड रिव्ह्यूत कसा भांडतो ते आठवून थोडी लाजच वाटली.

२०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. त्या दिवशीच्या बातम्यांत 'विंचूदंशावर उपचार करणारे डॉक्टर' अशी एका ओळीची ओळख होती. त्या एका ओळीत हृदय कुठेच नव्हतं!

असो. पुढच्या वेळी आंबेनळी घाटात पावसाच्या आधी कुठे मुक्काम केलात तर सकाळी बूट झटकून घाला. आणि चुकून चावलाच, तर ठणका किती आहे ते नका मोजत बसू. हातपाय गार पडतायत का, घाम फुटलाय का, उलटी झाली का ते बघा, आणि तडक दवाखाना गाठा.