सुटका झालेल्या मुलांना सावरताना
जरीच्या, पर्सच्या कारखान्यातून मूल सोडवलं किंवा लैंगिक शोषणातून मुलगी बाहेर आली की आपण म्हणतो, सुटली बिचारी. पण भीती इतक्या लवकर सुटत नाही. मदनपुरा असो की लालबाग, अशी मुलं वर्गात येतात तेव्हा आम्हा शिक्षकांना आधी दिसतं ते त्यांचं वागणं.

हाक मारली तरी दचकणं, झोप न लागणं, अंथरूण ओलं होणं, पोटदुखी, एकदम भडकणं, नाहीतर गप्प बसून राहणं. सांगताना तारखा आणि क्रम चुकतात. हा खोटेपणा नव्हे. जिवावर बेतलं की आठवणी तुकड्यातुकड्यांत राहतात. काही मुलं मालकाचीच बाजू घेतात, कारण जेवण त्यानेच दिलेलं असतं.

अशा मुलाला पुन्हा पुन्हा 'काय झालं, सांग' म्हणू नये. त्याला बोलायचं असेल तेव्हा शांतपणे ऐकावं आणि 'यात तुझा दोष नाही' हे स्पष्ट सांगावं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नये. पोक्सो कायद्यानुसार (२०१२) लैंगिक गुन्हा माहीत असूनही न कळवणं हा गुन्हा आहे. इज्जतीखातर मोहल्ल्यातच मिटवामिटवी केली की त्याची किंमत मूल मोजतं.

याच कायद्याने मुलाला काही हक्क दिले आहेत. जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो. जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसावेत. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. ओळख पटेल असं काही छापता येत नाही, म्हणून फोटो व्हॉट्सअॅपवरही फिरवू नका.

मदतीसाठी १०९८ हा मोफत नंबर आहे. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. उपचारांसाठी परळला केईएम आणि वाडिया रुग्णालयं आहेत. बलात्कार आणि पोक्सोच्या प्रकरणांत अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

आणि शाळा. वयाचा दाखला नाही म्हणून ६ ते १४ वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. त्याला वयानुसार वर्ग मिळतो, मागे पडलेला अभ्यास भरून काढायला खास शिकवणीही मिळते. रोजची ठरलेली वेळ, तोच बाक आणि भरोसा ठेवता येईल असं एक मोठं माणूस मिळालं, तर मूल हळूहळू सावरतं. त्याला महिने लागतात, कधी वर्षंही. तेवढा सब्र आपल्याकडे हवा.