सायकेडेलिक पंथाच्या वंशावळींतील गाळलेल्या स्त्रिया

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत सायकेडेलिक द्रव्यांच्या नादानें जो पंथ उदयास आला, त्यानें जुन्या जगाचीं सर्व बंधनें तोडल्याचा डांगोरा मोठ्या हौसेनें पिटला. लष्करी शिस्त, धनलोभ, विवाहसंस्था, त्यानें कशाचीच गय केली नाहीं. परंतु या पंथाची वंशावळ काढूं गेल्यास हॉफमन, वॅसन, लिअरी अशीं पुरुषांचींच नांवें पुढें येतात. जिच्यांतून आरंभींच्या स्त्रियाच गाळल्या गेल्या, ती वंशावळ आम्ही खरी मानीत नाहीं.

१९ एप्रिल १९४३ रोजीं बाझल येथें आल्बर्ट हॉफमन यांनीं एल्. एस्. डी.चा प्रयोग स्वतःवर केला व सायकलवरून घर गाठलें. ती सायकल आतां पुराणप्रसिद्ध झाली आहे. त्यांस सांभाळून घरीं नेणारी सूझी रामस्टाईन ही प्रयोगशाळेंतील तरुण सहायिका मात्र क्वचित् कोणास आठवते. त्याच वर्षीं जूनमध्यें तिनेंही तें द्रव्य घेतलें.

अळंब्यांची कथा याहून बोलकी आहे. व्हॅलेंटिना पावलोव्ह्ना वॅसन या जन्मानें रशियन, व्यवसायानें बालरोगांच्या डॉक्टर. १९२७ सालीं पतीसह न्यूयॉर्क राज्यांतील कॅट्स्किल डोंगरांत गेल्या असतां रानांत अळंबीं दिसतांच, माहेरचीं माणसें भेटावीं तशा त्या हर्षभरित झाल्या. पति गॉर्डन विषाच्या भीतीनें दूर सरले. एका समाजास अळंबें प्रिय कां व दुसऱ्यास त्याज्य कां, हा प्रश्न त्या मतभेदांतून उद्भवला आणि तीस वर्षांच्या अभ्यासाअंतीं, १९५७ सालीं, दोन खंडांचा ग्रंथ निघाला. ग्रंथावर पहिलें नांव बाईंचें आहे. पण त्याच वर्षीं १३ मे रोजीं ‘लाइफ’ साप्ताहिकांत गॉर्डन यांचा लेख झळकला आणि कीर्ति तिकडे गेली. सहाच दिवसांनीं दुसऱ्या एका साप्ताहिकांत बाईंनींही आपला अनुभव कथन केला व अळंब्यांतील द्रव्याचा रुग्णांस काय उपयोग होईल याचा, डॉक्टरास शोभेलसा, विचार मांडला. तो विचार आज पुन्हा नवा म्हणून सांगितला जात आहे! १९५८ च्या अखेरीस त्या वारल्या.

पुढें सॅन फ्रान्सिस्को येथें १९६६-६७ मध्यें ‘डिगर्स’ मंडळी उद्यानांत रोज फुकट अन्न वाटीत. पत्रकें व घोषणा पुरुषांच्या. बाजारांतून भाजी मिळवून ती चिरणें, शिजविणें, हें काम मुख्यतः स्त्रियांचें. राज्य पालटलें, चूल पालटली नाहीं.

‘लाइफ’मधील लेखाचें मूळ मात्र मेक्सिकोंतील वाउतला गांवीं आहे. तेथील माझातेक लोकांत रोगनिवारणार्थ अळंब्यांचा रात्रविधि चालविण्याचा अधिकार स्त्रीसही असे. मारिया साबिना ही तशी अधिकारी स्त्री. १९५५ सालीं तिनें गॉर्डन यांस विधींत बसविलें. आपलीं छायाचित्रें विश्वासांतील माणसांखेरीज कोणास दाखवूं नयेत, असें तिनें बजावलें होतें. लेखांत नांव बदललें, छायाचित्रें छापलीं. मग गांवांत परकीय तरुणांची रीघ लागली, गांवकऱ्यांचा रोष तिच्यावर वळला, तिचें घर जाळण्यांत आलें. १९८५ सालीं ती दारिद्र्यांतच निवर्तली. तिचें चित्र छापलेले सदरे मेक्सिकोंत प्रवाशांना विकले जातात.